मोजणी

समिती आली तेव्हा आम्ही पुरेशा होतो.
सहा खाटांमागे एक, नियमाप्रमाणे,
इस्त्रीची घडी अजून न मोडलेली.
मेट्रनबाईंनी स्वतः माझी पिन सरळ केली
आणि कानाशी म्हणाल्या,
इथलं झालं की मागच्या जिन्याने सोळाला.

सोळाला मी रोहिणी तांडेल होते.
रोहिणी बाळंतपणाच्या रजेवर, चौथा महिना चालू.
तिच्या जागी कुणी आलं नाही,
हजेरीपटावर तिचं नाव तेवढं रोज येतं.
त्या नावापुढे मी उभी राहिले.
साहेबांनी मान हलवली, पेनाने टिंब दिलं.

एकविसाकडे धावताना जिन्यात फिलोमिना,
ती खाली, मी वर.
दोघींना धाप, दोघींना हसू.
म्हणाली, मी आतापर्यंत तिघी झाले गं, तू?

माझ्या वॉर्डात खाटा बेचाळीस.
माणसं त्र्याहत्तर.
उरलेले एकतीस खाली, दोन खाटांमधल्या फटीत,
सिंकपाशी, ऑक्सिजनच्या सिलिंडरला पाय टेकवून.
त्यांना नंबर नाही.
आम्ही म्हणतो अकराच्या खालचा, दाराजवळची,
पंख्याखालचा तो उलट्या करणारा.
नियम खाटा मोजतो.
फरशीवर खाटा शून्य,
आणि शून्याला सहाने भागलं तर
फरशीसाठी किती नर्स लागतात
ते चौथीतलं पोरही सांगेल.

चौथीतलं पोर होतं तिथे. बसू.
अकराच्या खालचे चिन्नप्पा, त्यांचा नातू.
भांडुपच्या टेकडीवरून आलेले दोघं,
सोबत एक स्टीलचा डबा आणि रेशनकार्डाची झेरॉक्स.
मी एकविसाला दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने
आज्ञाधारक उभी होते तेव्हा
चिन्नप्पांची सलाइन संपली.
नळीतून रक्त वर चढायला लागलं, सावकाश,
थर्मामीटरमधल्या पाऱ्यासारखं.
चौदा नंबरच्या वॉर्डात तेव्हा आमच्यातली एकही नव्हती.
आमची तिथली मोजणी झालेली होती.

बसूने चार दिवस माझा हात पाहिला होता.
त्याने ते पांढरं चाक खाली फिरवलं
आणि धरून ठेवलं.
सोडलं तर परत सुरू होईल असं वाटून धरूनच ठेवलं.
मी आले तेव्हा त्याची बोटं पांढरी पडली होती.
बरोबर केलं ना, सिस्टर?

मी ओरडले त्याच्यावर.
हात लावायचा नाही, किती वेळा सांगायचं!
खूप मोठ्याने ओरडले. पलीकडचे पेशंट उठून बसले.
मग सुई काढली, नवी लावली,
त्याच्याकडे न बघता.

समितीने कटलेट खाल्ले, गाड्या गेल्या.
आठनंतर जिना ओस,
ज्या त्या बाया ज्या त्या वॉर्डात.
रात्री चौदाला मी आणि हौसामावशी.
दोन वाजता एक गेला. त्याचं आवरेपर्यंत
दुसऱ्याचं अँटिबायोटिक पाऊण तास लांबलं.
तिसरी पाणी मागत होती, ती मागता मागता झोपली
की झोपली नाही, हे बघायला मी तीनदा वळले.
बसू टॉर्च धरत होता.
मी सांगितलं नव्हतं.

पहाटे रात्रपाळीचा रिपोर्ट लिहायला बसले.
एकूण रुग्ण: बहात्तर. मृत्यू: एक.
उपस्थित परिचारिका.
या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं.
मग लिहिलं, दीड.

दहाला मेट्रनबाईंचा फोन.
दीड म्हणजे काय हो? अर्धी नर्स कुठली?
खोडा ते, आणि सही करा बाजूला.
त्यांच्याही गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचंय,
काल जिन्यात त्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

खोडलं. सही केली.
कार्बन मी आधीच काढून घेतला होता.
खालच्या पानावर
ते अजून तसंच आहे, निळं.