तत्रैव

कलिन्यात, विद्यानगरीच्या मागच्या फाटकासमोर
झेरॉक्सच्या दुकानावर पोटमाळा आहे. तिथे मी बसतो,
लोकांचे प्रबंध सेट करून देतो. पानाला बारा रुपये,
तळटिपा असल्या तर पंधरा.
त्या तीन रुपयांवरून घासाघीस करणारे
पुढे प्राध्यापक झालेले मी पाहिलेत.

आधी गिरगावात खिळे जुळवायचो.
स्वल्पविरामाला तेव्हा वजन होतं,
हातातून सुटला तर फरशीवर वाजायचा.
आता पडला तरी कळत नाही.
परीक्षकाला कळतो.

तर, पुस्तक असेल तर आडनाव आधी, मग नाव,
शीर्षक तिरपं, प्रकाशक, गाव, साल, पृष्ठ.
लेख असेल तर लेख अवतरणात, तिरपं मासिकाचं नाव.
वर्तमानपत्राला तारीख हवीच.
सरकारी अहवालाला लेखक लागत नाही,
खातं पुरतं.
संकेतस्थळ असेल तर पाहिल्याचा दिवस लिहायचा,
कारण उद्या ते असेलच असं नाही.
माणसांसाठी ही सोय कुणी केलेली नाही.

मार्चअखेरीला अश्लेषा तांडेल आली.
पेनड्राइव्ह, तीनशे बारा पानं, आठवड्याचं जागरण.
विषय मिठागरं, भांडुप ते मुलुंड, खाडीकाठची.
टीप ८६: कलेक्टर कचेरीचा अहवाल. चोख.
मजुरी वेळेवर व पूर्ण दिली जाते, पृ. ४१.
टीप ८७:
ठकूआजी, बांधावर, दुपारी.

ती म्हणाली होती,
टोपली मोजताना मीठ ओलं म्हणून कापायचे,
विकताना तेच ओलं वजनाला चालायचं.

शेजारी समासात मार्गदर्शकांची लाल शाई:
स्रोत अपुरा. टीप गाळावी.

मी फोन लावला. आडनाव काय बाईंचं?
"माहेरचं सांगू की सासरचं, असं त्यांनीच मला विचारलं, काका.
मग म्हणाल्या, मुकादमाच्या वहीत नुसतं ठकू आहे,
अंगठ्याशेजारी. तेच घाल."
जन्मसाल?
"बांध फुटला त्याच्या पुढचं वर्ष."
कुठला बांध?
"तेच तर शोधतेय, तीन वर्षं."

टीप गाळायला एक कळ पुरते.
मागचे आकडे आपोआप पुढे सरकतात,
रेशनच्या रांगेतून कुणी घरी गेल्यासारखे.
माझं बोट त्या कळेवर होतं, खोटं कशाला बोलू.
चहा निवत होता, अजून दोन प्रबंध उभे होते.

पण खाली ८८ होती. एकाच शब्दाची.
तत्रैव.
म्हणजे तिथेच. म्हणजे वरच्याचंच बोलणं.
वर वाक्य होतं:
मिठानं पाय सोलले की घरी बसायचं, रोज बुडायचा.

८७ गेली असती तर हे पाय
कलेक्टर कचेरीचे झाले असते,
पृष्ठ ४१ वर, टेबलाखाली,
बुटांत.

मी हसलो. मग एकटाच होतो म्हणून
हसणं थांबवलं.

चाळीस वर्षं त्याच बांधावर
तीच टोपली, तेच ऊन,
तत्रैव, तत्रैव, तत्रैव,
आणि शेवटी शब्दही दुसऱ्याच्या नावावर.

बोट उचललं. लिहिलं:
८७. ठकू, मुलाखत, मिठागराचा बांध, भांडुप,
आगरी बोलीतून, ध्वनिमुद्रण सत्तेचाळीस मिनिटं,
पैकी अकरा सेकंद काही बोलत नाहीत.
संशोधकाच्या संग्रही.

आणि ८८ मधलं तत्रैव काढून
पूर्ण नाव पुन्हा. ८९ लाही.
पद्धतीत बसत नाही, मला ठाऊक आहे.
पैसे वाढवून मागितले नाहीत.
ठकूनंतर स्वल्पविराम दिला,
वाजला नाही,
पण मी तेवढा थांबलो.

परवा प्रत परत आली.
८८ शेजारी लाल शाईत: पुनरुक्ती टाळा.
८७ शेजारी
काही लिहिलेलं नव्हतं.