छाया, अधिक चाळीस

पाटणकर बाजारात, गजकवाल्याच्या दुकानावर,
अरुंद जिना चढून गेलं की शिवानी कुशवाहचा क्लास.
चार कॉम्प्युटर, एक हीटर,
आणि खिडकीच्या काचेला नाक लावून
ग्वाल्हेरचं जानेवारीतलं धुकं.
बाकीचे तिघं रेल्वेच्या परीक्षेला बसणार.
मी चौसष्ट वर्षांची, महालेखाकार कार्यालयातून निवृत्त,
पिशवीत बोर्नव्हिटाचा डबा,
डब्यात दक्षिण भारत, सन शहाऐंशी.

ह्यांचं नाव दिनकर
आणि सूर्य कायम आमच्या पाठीमागे.
मागे समुद्र यायला हवा, मागे गोपूर यायला हवं.
मागे सगळं आलं.
पुढे आम्ही, जांभळं खाल्लेल्या जिभेच्या रंगाचे,
कोण कोण ते साडीच्या काठांवरून ओळखायचं.
एलटीसीचे पैसे वसूल झाले,
तोंडं तेवढी राहिली.

“आंटी, पूरी फोटो मत उठाओ, आसमान जल जाएगा.”
खरंच. उजेडाची कळ उजवीकडे नेली
तर कन्याकुमारीचं आभाळ पांढरंफटक,
नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं.
मग तिनं शिकवलं:
आधी चेहऱ्याभोवती कुंपण घालायचं,
कड मऊ ठेवायची,
नाहीतर माणूस मुखवटा डकवल्यासारखा दिसतो.
मग छाया, अधिक वीस. अधिक तीस.
विरजणाचं दूध कोमट झालं का बघावं
तेवढ्याच बोटानं.

अधिक चाळीसवर सुहास निघाला,
पाच वर्षांचा, ओठांवर पेप्सीकोल्याचा केशरी रंग.
अधिक पंचेचाळीसवर मी.
अगं बाई, मी तर हसत होते!
इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले
की त्या सहलीत माझं डोकं सारखं फिरलेलं होतं.

मग धनुष्कोडी.
मासळीच्या ट्रकमधून गेलो होतो, नाकाला पदर लावून.
पडक्या चर्चची कमान, कमानीत आम्ही:
मी, सुहास, कडेवर बेबी,
आणि अगदी टोकाला वन्सं.
माझा चेहरा निघाला, मुलांचे निघाले.
वन्संच्या जागी साठ केले, ऐंशी केले, शंभर,
काळ्याचं राखाडी झालं,
राखाडीत बाजरीच्या पिठासारखे कण.
नाक नाही. डोळे नाहीत.
“वहाँ रोशनी गिरी ही नहीं, आंटी.
जो आया ही नहीं, वो उठेगा कहाँ से?
निगेटिव है?”
निगेटिव्ह मी घर बदलताना रद्दीवर फुकट दिल्या.

वन्संना नेलं होतं मुलं सांभाळायला.
असं कुणी म्हणालं नव्हतं,
“तुमचंही रामेश्वर होईल,” म्हणालो होतो.
आणि त्या कमानीपाशी
मीच ओरडले होते वाऱ्यात, चांगलं आठवतंय:
“वन्सं, जरा आत सरा,
बेबीवर सावली पडतेय तुमची.”
त्या सरल्या.

शिवानी म्हणाली, दूसरे फोटो का चेहरा लगा देंगे.
डबा पालथा केला. एकशे अकरा फोटो.
वन्सं पाठमोऱ्या, सुहासच्या चड्डीची नाडी बांधताना.
वन्सं अर्ध्या, कागदाच्या कडेनं कापलेल्या.
वन्सं पुसट, कारण त्या थांबल्याच नव्हत्या.
एकात पूर्ण आहेत,
पण तोंडासमोर पाण्याचा जग.

परत धनुष्कोडी उघडला.
कळ शून्यावर आणली. काळं काळंच बरं.
तेव्हा दिसला
कमानीबाहेर आलेला एक हात,
कोपरापासून पुढे लख्ख उन्हात,
हातात सुहासच्या दोन चपला,
वाळू झटकून, अंगठे जुळवून धरलेल्या.
त्याला काहीच करायचं नव्हतं.

“फाइल का नाम क्या दूँ?”
हीटरची तार दोनदा लाल झाली, दोनदा विझली,
तोवर मी वन्संचं नाव आठवत बसले.
मग म्हटलं, कुमुद लिही.
कु ऱ्हस्व. मु पण ऱ्हस्व.