पासून – पर्यंत

सभागृहातला महापौरांचा फळा मीच रंगवतो.
सागवानी, आठ फुटी. एका नावाला एक ओळ:
नाव, पासून, पर्यंत.
सोनेरी रंगाची डबी रावपुऱ्यातून आणायची,
बिल महिन्याने पास होतं, कधी होतच नाही.

त्र्यंबक सखाराम दिघे.
या नावानं मला घाम फोडला.
गुजरातीत ‘त्र्यं’ बसवणं म्हणजे
एका रिक्षात सात माणसं.
शिवाय त्या अक्षरांना वर रेघ नसते.
बापानं मला शिकवलेल्या अक्षरांना छप्पर होतं,
यांच्या डोक्यावर नुसतं आभाळ.
घरी त्र्यंबकराव, बाहेर त्र्यंबकभाई,
चाळीस वर्षं त्यांचंही असंच आत-बाहेर.

फळ्यावर हे नाही
की ते पाणीखात्यात मीटर वाचायचे.
सायकल, खाकी पिशवी, कानावर पेन्सिल,
दांडिया बाजारापासून पार नदीकाठच्या वस्तीपर्यंत.
गंजलेलं झाकण उचलून आत फुंकर मारायची,
आधी पाल पळायची, मग आकडा दिसायचा.
आकडा कधी वाढवला नाही, कधी पुसला नाही.
पहिल्या निवडणुकीला भांडवल तेवढंच:
“पैसा नाही माझ्याकडे,
पण या वॉर्डात पाणी कुठे मुरतं ते मला ठाऊक आहे.”
लोक हसले.
अकरा मतांनी आले.

मग एका वर्षी दोन गटांची जुंपली
आणि माळ तिसऱ्याच्याच गळ्यात पडली.
दारात गाडी, गाडीत शिपाई.
सही आयुक्तांची, शिव्या महापौरांच्या.
काकू म्हणाल्या, “फिती कापायला
कात्री तरी घरची न्या. तिथली बोथट असते.”

श्रावणात आजवा भरलं.
विश्वामित्री गल्ल्या विचारत विचारत गावात शिरली.
दरवाजे उघडताना यांना कुणी विचारलं नव्हतं,
कळवलं होतं फक्त.
वस्तीत चाळीस खोपट्यांना एक नळ, एक मीटर.
माणसांची नावं त्यांना कधीच माहीत नव्हती,
रांगेतली भांडी माहीत होती.
छातीभर पाण्यात टॉर्च धरून महापौर ओरडत होते:
“निळी बादली, उठा!
पोचा पडलेली कळशी, पोरं आधी द्या!
तेलाचा डबा, अरे, तेलाचा डबा कुठाय?”
घाईत सगळं मराठीतच.
कुणाला कळलं नाही असं झालं नाही.
तेलाचा डबा पत्र्यावर बसला होता, शेळीसकट.

सकाळी शाळेच्या पायरीवर मगर ऊन खात होती.
दुपारी त्याच वस्तीतून वीट आली,
कपाळावर तीन टाके.
संध्याकाळी विरोधक म्हणाले, फोटोसाठी उतरले.
कसला फोटो? टॉर्चसुद्धा विझत आली होती.

अडीच वर्षं. पुढे तिकीट नाही.
गाडी परत गेली, सायकलच्या चेनला तेल मिळालं.

एका दुपारी आले फळा बघायला,
खंडेराव मार्केटच्या मागून, भाजीवाल्यांतून,
हातात कोथिंबिरीची जुडी.
मी शिडीवर. त्यांनी चष्मा वर केला,
स्वतःच्या ओळीवर फुंकर मारली
आणि म्हणाले, “पर्यंत एक दिवस कमी आहे.”
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
“राहू दे,” म्हणाले, “एका दिवसानं काय होतंय.”
दारापर्यंत गेले. थांबले.
“त्या दिवशी दुसऱ्या नळाची शिफारस लिहिली होती रे.
आत कुठेतरी फिरत असेल फाईल.”
मग परत आले.
“नाही, दुरुस्त कर. आकडा तो आकडा.”

खरवडला, अस्तर दिलं, पुन्हा भरला.
त्याचं बिल मी लावलं नाही.
फळ्यावर हात फिरवला तर
तेवढ्या जागी सोनं जरा जाड लागतं.
पण इतक्या वर हात कोण नेणार.
खाली सभा चालू असते,
टेबलावर पाण्याच्या बाटल्या, सीलबंद,
आणि वस्तीत अजून
एकच नळ.