शिट्टी

भुसावळला शिट्ट्या दोन.
एक पंचाची, एक इंजिनाची.
मैदान यार्डाला लागून, मधे नुसतं जुन्या स्लीपरांचं कुंपण,
म्हणून आमच्याकडे कुठल्याच पुस्तकात नसलेला एक नियम होता:
इंजिनाला थांबायचं नाही.

तरी थांबायचेच सगळे.
बहात्तरची फायनल, लोको शेड विरुद्ध अकाउंट्स,
मी बारा वर्षांचा, गोलामागे,
खिशात शेवेची पुडी, चड्डीला तेलाचा डाग.
गोलपोस्टला हात लावला तर चटका बसेल असं ऊन.
शंटिंगचं इंजिन ओरडलं, लांब, बारीक,
आणि अकाउंट्सवाले उभे राहिले कमरेवर हात ठेवून.
आमचेही.
गोलकीपर तर वाकून लेस बांधायला लागला.
एकटा रुबाब तडवी पळत राहिला.

एक-शून्य.
त्या रात्री इन्स्टिट्यूटमागे भरीत-पुरी,
रुबाब लोकांच्या खांद्यावर.
काय डोकं लावलं भो!
तो म्हणाला, "मले शिट्टी ऐकूच नही आली."
आम्ही हसलो.
पन्नास वर्षं हसलो त्या वाक्यावर.
रेल्वे कॉलनीत म्हणच पडली होती,
डोकं लावावं तर रुबाबसारखं.

मग मीही शेडला लागलो, खेळलो थोडं, पाहिलं पुष्कळ.
शहाऐंशीला कुमुदच्या माहेरचा टीव्ही
सायकलवर बांधून आणला साकेगावहून,
अँटेना धरून मी गच्चीवर, खाली सगळे बघतायत,
गोल मला ओरडण्यावरून कळायचे.
आता टीव्ही भिंतीएवढा,
आणि मी हाफटाइमला डोळे मिटतो
ते सकाळी नातवाला विचारतो, काय झालं रे?

हे काही मी मनावर घेतलं नव्हतं.
म्हातारपण गुडघ्यातून येतं, एवढं माहीत होतं;
तिथे मी डिफेन्स लावून बसलो होतो, तेल, पट्टा, सकाळचं चालणं.
ते आलं कानातून,
चक्क ऑफसाइडमधून,
आणि लाइनमनने झेंडा वर केला नाही.

रविवारची मॅच. सात नंबरचा सावद्याचा पोरगा
कोपऱ्यातून निघाला, मी खुर्चीवरून उठलो,
जा, जा, आत घे, मार!
किती वेळ ओरडलो कोण जाणे.
बॉल आपला आपण सरकत चालला होता.
बाकी मैदान उभं. सगळे माझ्याकडे बघत.
पंचाच्या तोंडात शिट्टी, गाल फुगलेले.
मला ती दिसली.

जळगावचा डॉक्टर म्हणाला,
काका, बारीक आवाज आधी जातात.
कुठले?
पाखरं, मोबाइलची टिकटिक, लहान पोरं.
शिट्टीचं तो बोलला नाही.
फुटबॉल बघत नसावा.

परतीच्या पॅसेंजरमध्ये, भादली गेल्यावर, एकदम आठवलं:
रुबाब बॉयलर शॉपला होता.
सोळाव्या वर्षापासून बॉयलरच्या आत बसून
रिव्हेट धरायचा, बाहेरून घण पडायचे.
मागून हाक मारली तर वळायचा नाही,
आम्ही म्हणायचो, नावाप्रमाणेच रुबाब.
हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसायचा,
बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचा टक लावून.
चोवीस वर्षांचा होता फायनलला.

यावलला त्याच्या मातीला गेलो होतो मी,
तिथेही सांगितला होता तोच किस्सा. तेच वाक्य.
त्याची बायको हसली नव्हती.

मशीन घेतलंय कानाचं. डबीत आहे.
त्यात वारा फार वाजतो.
रविवारी रेषेला लागून बसतो,
पोरांच्या पायांकडे बघतो,
पाय थांबले की थांबतो.
कधी कधी चुकतं.
निहार बाही ओढतो, "आजोबा, शिट्टी झाली!"
मी म्हणतो, मले ऐकूच नही आली भो.
पोरं हसतात.
हसू दे.
बॉल अजून सरकतोय.