वायसर

जयेंद्र भोईर साडेअकराला येतो म्हणाला,
आला दीडला. कोपरखैरण्यात
कुणाची टाकी वाहत होती म्हणे.
सिंकखाली आडवा झाला, टॉर्च दातांत धरून,
पान्याला एकच झटका.

जुना नळ कण्हला, सुटला.
त्याने तो तळहातावर आपटला,
तर आतून निळी चकती पडली.
"यो वायसर कोनी बसवला?
दुकानातला नाय यो."

चपलेचा होता.
रबाळ्याची कंपनी बंद पडली त्या वर्षी,
घरात कुणी कुणाशी बोलत नसताना,
ह्यांच्या स्लिपरच्या टाचेतून कापलेला,
न चालणारं चार आण्याचं नाणं ठेवून
ब्लेडने, कडेकडेने.
भोक पडलेली ती स्लिपर
ह्यांनी पुढे वर्षभर घातली.
विचारलं नाही काही.

"मीच," म्हटलं.
भोईरने टॉर्च माझ्याकडे वळवला,
मग विझवला.
"अकरा वर्सं चालला? कंपनीचा दोन नाय चालत."

नवा नळ चकचकीत. पिळायचं नाही,
दांडी नुसती उचलायची.
"पितळ मी नेतो, पन्नास कमी द्या."
दिले.
चकती ओट्यावरच राहिली.

रात्री पाणी प्यायला आले,
ती उचलून अंगठ्याने चाचपली ह्यांनी.
"माझी टाच," म्हणाले.