इस्कोलिनबाईच्या मोरीत

चपला काढ, मग बघ, म्हणाली.
मरोळ गावठाण, मागच्या मोरीत, नळाखाली
तो आडवा:
वर चंद्र-सूर्य, तळाशी गाढव.
मधल्या सात ओळी
तीन पिढ्यांच्या सुऱ्यांनी
खवल्यांबरोबर काढून टाकलेल्या.

वहीत लिहिलं: गद्धेगाळ. बहुधा शिलाहार.
लांबी सव्वादोन हात. स्थिती वाईट.
वाईट कसली? बोंबील सरकत नाय यावर.

सासऱ्याला विहीर उपसताना मिळाला,
फुटक्या निळ्या चिनी बशीसोबत,
एका दगडी क्रुसासोबत.
क्रूस वेशीवर गेला,
बशी उंबऱ्यात चिणली.
कोणाचं कोणतं, कुणी विचारलं नाही.

आणि लिवलेलं काय होतं?
मी अडखळले.
शाप. जो ही जमीन बळकावेल,
त्याच्या आईला…
तिने गाढवाकडे नीट पाहिलं.
फस्सकन हसली, पदर तोंडाला लावून.

मग कुंपणापलीकडच्या क्रेनकडे
बघत राहिली बराच वेळ.
नळ सोडला. काथ्या घेतला.
चंद्र घासला, सूर्य घासला,
गाढवाच्या कानातली शेवाळ नखाने काढली,

आणि जिथे काहीच उरलं नव्हतं
त्या सात ओळींवरून
नुसता तळहात फिरवला.