तुलनेतली चूक

प्रकरण तिसरं, तिसऱ्यांचंच. पान अठ्ठ्याऐंशी.
खंबाटा मॅडमनी हिरव्या शाईनं गोल काढला.
तांबडं दिसलं की मुलं वाचायचंच सोडतात,
असं त्यांचं मत.

मी इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ एवढाच :
माहुलच्या खाडीतल्या तिसऱ्यांमध्ये
सालढाणापेक्षा जास्त शिसं आढळलं.
समासात बाईंचा प्रश्न :
सालढाणामध्ये किती होतं?

मी हसले. त्याही हसल्या.
कालिन्याच्या कँटीनमध्ये चहावर साय धरत होती.
शिंपल्याची तुलना माणसाशी होत नसते, डिकरी.
मध्ये एक बारका शब्द लागतो, 'दोज'.
म्हणजे 'त्या'. कुठल्या त्या?
सालढाणानं मोजलेल्या त्या.

मग उरलेल्या पानांवरून हिरवी शाई फिरली.
'इन कॉन्ट्रास्ट' नको, भांडण उकरल्यासारखं वाटतं.
'तिप्पट' आकड्यात लिही, वाक्यात नको;
वाक्यात लिही 'समव्हॉट हायर'.
त्याचं मशीन वेगळं, त्याचा महिना वेगळा,
म्हणून सरळ तुलना जपून करावी, अशी एक ओळ टाक.
टाकली.

घरी मोठी आय ओहोटीवरून आलेली,
पायाला चिखल, टोपलीत जेमतेम दोन वाटे.
"पयल्यासारख्या नाय गो.
आता कवचीच जास्ती."
झाली तिची तुलना.
मशीन नाही, महिना नाही,
जपून तर मुळीच नाही.

मी सहज सालढाणाचं नाव काढलं.
"तो चष्मेवाला? काटकुळा?
तीन वर्सं होता आमच्यासंगती चिखलात.
बाटल्या भरून झाल्या की
माझ्याच डब्यातलं तिसऱ्यांचं कालवण खायचा.
वरपून."

ग्रंथालयात त्याचा प्रबंध आहे,
टाइप केलेला, कण्यावर वाळवी.
आभाराच्या पानावर गाईड, आई-वडील, येशू
आणि टायपिस्ट.
शिंपल्यांचे नमुने दोनशे चाळीस.
डबा कुठल्याच तक्त्यात नाही.

माझं वाक्य मी दुरुस्त केलं.
'दोज' बसवला, फट बुजली,
आता त्यात माणूस शिरायला जागा नाही.
पण जुनी फाइल पुसवत नाही.
सालढाणामध्ये किती होतं,
हा प्रश्न व्याकरणाचा होता
हे मला बाईंना सांगता आलं असतं,
त्यांनाही ते ठाऊक होतं.

गुरुवारी मोठ्या आयला परळला नेलं, रक्त दिलं.
सुई टोचताना ती नर्सला कोलंबीचा भाव सांगत होती.
सोमवारी रिपोर्ट आला.
जिन्यातच उभं राहून वाचला,
मग वर जाऊन म्हटलं, आय, जास्त आहे.

ती तिसऱ्या फोडत होती.
विळीवरची नजर न काढता म्हणाली,
"कोनापेक्षा?"